मुदतीपूर्वी रद्द केलेला मोटार-विमा आणि हप्त्याच्या परताव्याचा वाद

मोटारीचा विमा मुदत संपण्यापूर्वी रद्द करावयाचा झाल्यास भरलेल्या हप्त्यापैकी किती रक्कम विमा कंपनी स्वतःकडे ठेवू शकते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ हिशेबाचा वाटतो. वादात सापडणारी रक्कम बहुधा दोन-चार हजार रुपयांची असते, आणि म्हणूनच की काय, तिच्यासंबंधी पद्धतशीर विचार क्वचितच केला जातो. विमेदार चिडतो, कंपनीकडून एक छापील उत्तर येते, आणि प्रकरण तेथेच संपते. परंतु ह्या लहानशा रकमेच्या पोटी विमा-कराराच्या स्वरूपासंबंधीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. वर्षभराचा विमा हा एकच अखंड करार मानावयाचा, की तो तीनशे पासष्ट दिवसांत वाटून देता येतो? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ते बदलले आहे हे ज्याला ठाऊक नाही तो कंपनीशी भांडतो खरा, पण चुकीच्या जागी भांडतो.

विषय हातात धरता यावा म्हणून मुंबईच्या उपनगरांतील चार प्रसंग कल्पू या. अंधेरीतील एका गृहस्थाने आपली जुनी मोटार विकली व राहिलेल्या मुदतीचा हप्ता परत मागितला. बोरिवलीतील एका बाईंनी नवी मोटार घेताना विक्रेत्यानेच तिचा विमा उतरवून दिला. पुढे त्यांना दुसरीकडे स्वस्त विमा मिळत असल्याचे कळले. मुलुंडमधील एका कुटुंबात वडिलांनी विमा उतरविला होता आणि मुलानेही, एकाच गाडीचा, दोन वेगळ्या कंपन्यांकडे. घाटकोपरचे एक निवृत्त दांपत्य सहा महिन्यांसाठी परदेशी मुलीकडे निघाले असून त्यांची मोटार तेवढा काळ इमारतीच्या आवारात झाकून ठेवली जाणार आहे. चौघांचीही मागणी एकच, ‘आमचे पैसे परत द्या’. पण चौघांचे हक्क मात्र एकसारखे नाहीत.

प्रथम जुन्या सिद्धान्ताकडे वळू. इ. स. १७७७ मध्ये इंग्लंडात टायरी विरुद्ध फ्लेचर हा खटला लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांच्यापुढे आला. एका जहाजाचा बारा महिन्यांचा विमा उतरविण्यात आला होता, आणि सुमारे दोन महिन्यांतच ते अमेरिकनांनी पकडून नेले. अमेरिकनांकडून होणारी जप्ती विमापत्रातून वगळलेली होती. त्यामुळे विमा घेणाऱ्याला भरपाई तर मिळाली नाहीच. निदान उरलेल्या दहा महिन्यांचा हप्ता तरी मिळावा अशी त्याची मागणी होती. न्यायालयाने तीही नाकारली. जोखीम एकदा सुरू झाली की करार अखंड होतो, त्याचे महिन्यांत तुकडे पाडता येत नाहीत, असा तो निर्णय होता. पहिल्याच दिवशी जहाज बुडाले असते तरी विमा उतरविणाऱ्याला सगळी भरपाई द्यावी लागली असती, त्याअर्थी पहिल्या दिवसापासून सगळा हप्ताही त्याचाच, हा त्यामागील युक्तिवाद. तो आजही अगदीच अग्राह्य वाटत नाही. तो कोठे टिकून आहे ते पुढे दिसेल.

मोटार-विम्यात मात्र इतकी कठोरता कधीच नव्हती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली, आणि तेव्हापासून रस्त्यावर मोटार आणावयाची तर निदान त्रयस्थांच्या नुकसानभरपाईचा विमा असलाच पाहिजे, असा दंडक झाला. नागरिकाला जी गोष्ट घेणे सक्तीचे, तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्गही ठरवून देणे ओघानेच आले. तो मार्ग दरपत्रकाने ठरविला. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात ह्यासंबंधीचा नियम स्पष्ट होता. कंपनीने आपणहून विमा रद्द केल्यास तिने उरलेल्या दिवसांचा हप्ता दिवसागणिक परत करावा. विमेदाराने रद्द केल्यास कंपनीला अल्पमुदतीच्या दराने हप्ता राखून ठेवता यावा, आणि त्या काळात विमेदाराने भरपाईचा दावा केलेला असल्यास काहीच परत मिळू नये. दोन्ही बाजूंनी सात दिवसांची सूचना आवश्यक होती.

वादाचे सारे मूळ ह्या ‘अल्पमुदतीच्या दरा’त आहे. त्याचे कोष्टक असे होते. विमा एक महिन्यापर्यंत चालला असेल तर वार्षिक हप्त्याचे वीस टक्के कंपनीचे. दोन महिन्यांपर्यंत तीस टक्के. तीन महिन्यांपर्यंत चाळीस. आणि असेच दर महिन्याला दहा-दहा टक्के वाढत आठ महिन्यांपर्यंत नव्वद. आठ महिने उलटले की संपूर्ण हप्ता कंपनीचा. सामान्य माणूस ह्यालाच ‘रद्द करण्याचे शुल्क’ किंवा ‘दंड’ म्हणत असे. काटेकोर भाषेत पाहिले तर तो दंड नव्हता, शुल्कही नव्हते. उपभोगलेल्या काळाची ती चढ्या दराने केलेली किंमत होती. बाजारात शेराने घेतले तर एक भाव आणि छटाकाने घेतले तर दुसरा, त्यातला हा प्रकार.

उदाहरण घेतल्यावाचून फरक ध्यानात येत नाही. वार्षिक हप्ता, कर वगळून, १२,००० रुपये आहे आणि शंभर दिवसांनी विमा रद्द केला असे समजा. दिवसागणिक हिशेबाने २६५ दिवसांचा हप्ता, म्हणजे ८,७१२ रुपये, परत मिळावयास हवा. अल्पमुदतीच्या कोष्टकाप्रमाणे शंभर दिवस चौथ्या महिन्यात पडतात. म्हणून पन्नास टक्के कंपनीचे, आणि परतावा केवळ ६,००० रुपये. फरक २,७१२ रुपयांचा. हाच विमा अडीचशे दिवसांनी रद्द केला तर दिवसागणिक हिशेबाने ३,७८१ रुपये मिळतील, आणि कोष्टकाप्रमाणे एक पैसाही मिळणार नाही.

ह्या कोष्टकाच्या समर्थनार्थ दोन कारणे सांगितली जात. पहिले खर्चाचे. विमापत्र तयार करणे, मुद्रांक, एजंटाचे कमिशन, गाडीची तपासणी हा सारा खर्च पहिल्याच दिवशी होतो; विमा दहा दिवस चालो की वर्षभर, त्यात कपात होत नाही. दुसरे कारण जोखमीचे, आणि ते समजून घ्यावयाचे तर मुंबईकराला दूर जावयास नको. वर्षाचे सगळे दिवस सारख्याच धोक्याचे नसतात. अंधेरीच्या सबवेमध्ये पाणी साचते ते जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दिवसागणिक परतावा मिळत असेल तर एखादा चतुर गृहस्थ १ जूनला विमा उतरवील, पावसाळ्याभर संरक्षण घेईल आणि ३० सप्टेंबरला विमा रद्द करून दोन-तृतीयांश हप्ता खिशात घालील. असे अनेकांनी केले तर वर्षभर विमा ठेवणाऱ्या प्रामाणिक माणसाचा हप्ता वाढेल. अल्पमुदतीच्या कोष्टकात अशा गृहस्थाला तेहतीसऐवजी पन्नास टक्के मोजावे लागत.

दोन्ही कारणे ऐकावयास ठीक आहेत. परंतु कोष्टक त्या कारणांशी ताडून पाहिले तर ते पुरते टिकत नाही, असे आमचे मत आहे. एक महिना संपताना विमेदाराने वर्षाचा बारावा भाग, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या किंचित वर, उपभोगलेला असतो, आणि कंपनी वीस टक्के ठेवते. अधिक घेतलेले सुमारे पावणेबारा टक्के. कारण केवळ सुरुवातीच्या खर्चाचे असते तर हा अधिकचा वाटा पुढेही तेवढाच राहावयास हवा होता, कारण खर्च एकदाच झालेला आहे. प्रत्यक्षात तो वाढत जातो. आठव्या महिन्याच्या अखेरीस तो सव्वातेवीस टक्क्यांवर जातो, आणि आठ महिने उलटून एक दिवस झाला की एकदम तेहतीस टक्क्यांवर. म्हणजे जो विमेदार सर्वांत अधिक काळ कंपनीकडे राहून बाहेर पडला, त्याच्याकडून सर्वांत अधिक घेतले जाई. त्याने पावसाळा टिपून विमा घेतला होता असे म्हणण्यासही वाव नाही. आठ महिन्यांत पावसाळा आणि कोरडे दिवस दोन्ही आले. जोखमीचा युक्तिवाद चार महिन्यांच्या विम्यास लागू पडतो, आठ महिन्यांच्या विम्यास नाही. कोष्टकाचा हा उत्तरार्ध खर्चाने समर्थनीय नव्हता आणि जोखमीनेही नव्हता. तो सवयीने चालत आलेला होता.

१ जानेवारी २००७ पासून मोटार-विम्यातील स्वतःच्या वाहनाच्या हानीचे दर दरपत्रकातून मुक्त झाले. त्रयस्थांच्या विम्याचे दर मात्र सरकारी यंत्रणेनेच ठरविण्याची पद्धत पुढेही कायम राहिली. गंमत अशी की दर मोकळे झाले तरी विमापत्रातील अटींचा मसुदा जुन्या दरपत्रकाचाच राहिला, आणि त्याबरोबर अल्पमुदतीचे कोष्टकही.

बदल झाला तो २०२४ मध्ये. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विमा व्यवसायासंबंधी जे एकत्रित परिपत्रक काढले, त्याप्रमाणे किरकोळ ग्राहकाला मुदतीत केव्हाही, कारण न सांगता, विमा रद्द करता येतो. मुदत एक वर्षापर्यंतची असेल आणि दावा केलेला नसेल, तर कंपनीने उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणशीर परत करावयाचा आहे. मुदत वर्षाहून अधिक असल्यास, ज्या काळाची जोखीम अद्याप सुरूच झालेली नाही त्या काळाचा हप्ता परत करावयाचा आहे. उलट कंपनीला मात्र सिद्ध झालेल्या लबाडीखेरीज विमा रद्द करता येत नाही, आणि तेव्हाही निदान सात दिवसांची सूचना द्यावी लागते. जुन्या व्यवस्थेत दोन्ही पक्षांना बाहेर पडता येई आणि किंमत विमेदाराने मोजावी असे होते. नव्या व्यवस्थेत बाहेर पडण्याचा दरवाजा मुख्यतः विमेदारासाठीच उघडा आहे.

तेव्हा आज एखाद्या कंपनीने वैयक्तिक ग्राहकाच्या एक वर्षाच्या विम्यावर जुने कोष्टक लावले, तर विमेदाराने ‘दंड जास्त आहे, कमी करा’ अशी विनवणी करू नये. हिशेबाची पद्धतच चुकीची आहे, एवढेच लेखी दाखवून द्यावे, सोबत दिवस मोजून आपला आकडा मांडावा, आणि कोणत्या अटीखाली कपात केली ते कळविण्यास सांगावे. वादाचा गाभा हा एवढाच आहे. हिशेबात बसत नसलेली एखादी ‘प्रक्रिया शुल्का’ची रक्कम वेगळी कापलेली आढळली तरी हाच प्रश्न विचारावयाचा: ही रक्कम विमापत्राच्या कोणत्या अटीत आहे?

‘दावा केलेला नसेल’ ही अट मात्र अद्याप जशीच्या तशी आहे, आणि तेथे लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांचा अखंडतेचा सिद्धान्त आजही जिवंत आहे. पाचव्या महिन्यात बंपरच्या दुरुस्तीसाठी कंपनीकडून चार हजार रुपये घेतलेले असतील, तर सातव्या महिन्यात विमा रद्द करून परतावा मागता येणार नाही. हे कित्येकांना अन्यायाचे वाटते. परंतु दावा घडला म्हणजे कंपनीने वर्षभराच्या हप्त्याच्या बदल्यात जे द्यावयाचे होते ते देण्यास सुरुवात केली, असा ह्यामागचा विचार आहे. आणि किरकोळ दावा करण्यापूर्वी विमेदाराने तो ध्यानात घ्यावा हे बरे.

आता आपल्या चार उपनगरवासीयांकडे वळू. बोरिवलीच्या बाईंचे प्रकरण सर्वांत सोपे आहे असे प्रथमदर्शनी वाटते, पण तसे ते नाही. २० जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात दिलेल्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थांचा विमा एकदम घ्यावा लागतो. हा दीर्घ मुदतीचा विमा स्वस्त दुसरा मिळाला एवढ्यावरून मोडता येत नाही. दुहेरी विमा, वाहन पूर्णतः निकामी होणे अशा ठराविक कारणांसाठीच तो रद्द होतो. त्यामुळे बाईंना बदलता येईल तो स्वतःच्या गाडीच्या हानीचा एक वर्षाचा भाग. त्याचा परतावा प्रमाणशीर मिळावयास हवा, आणि तो मिळावयास हवा त्यांच्याच हाती. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्ही-बी ह्या कलमात ह्यासंबंधी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विमा रद्द झाल्यामुळे परत करावयाचा हप्ता कंपनीने थेट विमेदाराला द्यावा, तो कोणत्याही परिस्थितीत एजंटाच्या खाती जमा करू नये, असे ते कलम सांगते. विक्रेता जर म्हणू लागला की परतावा आमच्याकडे येईल आणि आम्ही तो पुढच्या खरेदीत वळता करू, तर त्याला हे कलम दाखवावे.

दीर्घ मुदतीच्या विम्यात वादाचा आणखी एक विषय निघतो तो कराचा, आणि येथे पंचांगाशी संबंध येतो. १००० ते १५०० घन सेंटिमीटरच्या नव्या मोटारीचा तीन वर्षांचा त्रयस्थांचा हप्ता १ जून २०२२ पासून १०,६४० रुपये ठरविण्यात आला. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १,९१५ रुपये २० पैसे. अशी एक मोटार २२ मार्च २०२३ रोजी, गुढीपाडव्याला, घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये अपघातात ती पूर्णतः निकामी झाली असे समजा. पुढील दोन वर्षांची जोखीम सुरूच झालेली नाही. तेव्हा हप्त्याचे दोन-तृतीयांश, म्हणजे ७,०९३ रुपये, परत मिळावयास हवेत. पण त्यावरील कराचे १,२७६ रुपये ८० पैसे कंपनी देत नाही, आणि विमेदाराला वाटते की आपणांस फसविले. वस्तुस्थिती निराळी आहे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच कंपनीला आपल्या करदायित्वात तेवढी घट दाखविता येते. पाडव्याची खरेदी २०२२-२३ ह्या आर्थिक वर्षातील; तिची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ ला संपली. तीच मोटार २४ ऑक्टोबर २०२३ ला, दसऱ्याला, घेतली असती तर मुदत ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत राहिली असती, आणि पहिल्या वर्षात केव्हाही रद्द केली तरी कंपनीला कर परत करता आला असता. दोन्ही मुहूर्त सारखेच शुभ, परंतु करकायद्याच्या दृष्टीने नव्हेत.

पाडव्याच्या खरेदीदाराचे पैसे मात्र बुडालेले नाहीत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी काढलेल्या १८८ क्रमांकाच्या परिपत्रकात नेमक्या ह्याच परिस्थितीचा, म्हणजे मुदतीपूर्वी संपविलेल्या दीर्घ मुदतीच्या विम्याचा, उल्लेख आहे. ज्याची करखात्याकडे नोंदणी नाही अशा सामान्य नागरिकाने तात्पुरती नोंदणी करून स्वतःच कराचा परतावा मागावा, अशी ती सोय आहे. कर सरकारजमा झाला असून तो आपण वळता करून घेतलेला नाही, असा दाखला कंपनीकडून घ्यावा लागतो, आणि विमा रद्द झाल्याच्या पत्रापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. एक अडचण अशी की हजार रुपयांहून कमी रकमेचा परतावा मिळत नाही. आपल्या उदाहरणात दोन वर्षे उरलेली असताना रक्कम १,२७६ रुपये असल्याने ती मर्यादेबाहेर आहे. एकच वर्ष उरले असते तर ६३८ रुपयांवर पाणी सोडावे लागले असते. तेव्हा करासंबंधीच्या वादात कंपनीकडे मागावयाचा तो दाखला. पैसे तिच्याकडे नसतातच.

मुलुंडच्या पिता-पुत्रांचा प्रश्न दुहेरी विम्याचा. २००२ च्या दरपत्रकाने ह्याचे उत्तर देऊन ठेवले होते: दोन विम्यांपैकी जो नंतर सुरू झाला तो रद्द करावा. दोन्ही एकाच कंपनीच्या निरनिराळ्या शाखांचे असतील तर नंतरच्या विम्याचा संपूर्ण हप्ता परत. कंपन्या वेगळ्या असतील तर दिवसागणिक. बहुतेक लोक उलट करावयास जातात, कारण नंतरचा विमा स्वस्त असतो म्हणून पहिलाच मोडावा असे त्यांना वाटते. मुलाने विमा उतरविल्यावर चार महिने गप्प बसण्यात दर दिवशी पैसे जात असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

घाटकोपरच्या दांपत्याने विमा रद्द करूच नये, असा आमचा सल्ला आहे. मोटार निदान सलग दोन महिने बंद ठेवावयाची असल्यास तेवढ्या काळापुरता विमा स्थगित करण्याची आणि त्याबद्दल सवलत मिळविण्याची सोय दरपत्रकात होती. त्या काळात आग, चोरी इत्यादींचे संरक्षण चालू राही. मात्र अपघाताच्या दुरुस्तीसाठी बंद पडलेल्या गाडीला ती सवलत नव्हती. आपल्या विमापत्रात अशी पुरवणी मिळते काय हे कंपनीला विचारून पाहण्यास खर्च काहीच नाही. विमा रद्द केला तर झाकून ठेवलेल्या मोटारीचे चोरीपासूनचे संरक्षण जाते, आणि सहा महिन्यांनी परतल्यावर नवा विमा घेण्यापूर्वी गाडीची तपासणी करवून घेण्याची पाळी येते.

राहिले अंधेरीचे गृहस्थ. त्यांच्या बाबतीत परताव्याहून मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे, म्हणून त्यांचा विचार शेवटी ठेवला. त्यांनी गाडी विकली, किल्ली दिली, पैसे घेतले, आणि त्याच संध्याकाळी विमा रद्द करण्याचा अर्ज पाठविला. परंतु आर.टी.ओ.च्या दप्तरी गाडी अजून त्यांच्याच नावे आहे. मधल्या दिवसांत खरेदीदाराने जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर एखाद्या पादचाऱ्यास धडक दिली तर काय? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्णय दिला आहे की गाडीचा ताबा दुसऱ्याकडे गेला तरी नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईचे दायित्वही त्याचेच. विमा रद्द झालेला असेल तर ही भरपाई कंपनी देणार नाही. ती ह्या गृहस्थांच्या घरातून जाईल. आणि ती त्यांच्याने देववली नाही तर जखमी माणूस किंवा मृताचे कुटुंब रिकाम्या हाताने राहील. दोन-तीन हजारांच्या परताव्यासाठी केवढी ही जोखीम!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमाप्रमाणे गाडी विकल्यावर तिचा त्रयस्थांचा विमा खरेदीदाराकडे गेला असे आपोआप समजले जाते. स्वतःच्या गाडीच्या हानीच्या विम्याला हे लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कंप्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. खरेदीदाराने चौदा दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. ह्याच कारणाने दरपत्रकात एक अट होती की वाहनाचा निदान त्रयस्थांपुरता विमा दुसरीकडे उतरविला आहे ह्याची खात्री झाल्यावाचून आणि मूळ प्रमाणपत्र परत घेतल्यावाचून कंपनीने विमा रद्द करू नये, व रद्द केल्यावर तसे परिवहन अधिकाऱ्यांस कळवावे. रद्द करताना दुसऱ्या विम्याचा पुरावा मागितला जातो तो ह्यासाठी. कित्येक विमेदार त्याला कंपनीची चालढकल समजतात आणि तक्रारीत तसे लिहितात. ती तक्रार टिकत नाही. कंपनी आपणहून विमा रद्द करते तेव्हाही न्यायालये हाच कल ठेवतात. हप्त्याचा धनादेश वटला नाही म्हणून विमा रद्द केला, पण त्याची सूचना अपघातापूर्वी विमेदाराला पोहोचली नव्हती, अशा लक्ष्मम्मा ह्यांच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्रयस्थाची भरपाई देण्यास बांधील ठरविले.

अंधेरीच्या गृहस्थांनी म्हणून प्रथम नोंदणी खरेदीदाराच्या नावे करून घ्यावी, नंतर विमा त्याच्या नावे वर्ग करावा अथवा रद्द करावा, आणि आपल्या ‘नो क्लेम बोनस’चे पत्र मागून घ्यावे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. पाच वर्षे दावा न केलेल्याला तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, आणि विक्रीनंतर तीन वर्षांत घेतलेल्या दुसऱ्या मोटारीस लावता येतो. परताव्याच्या वादात अडकलेले लोक हे पत्र मागावयाचे विसरतात, आणि गमावतात ते परताव्याहून अधिक.

एवढे सगळे करूनही कंपनीने हिशेब मान्य केला नाही तर काय करावे? प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ ह्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांप्रमाणे भरलेल्या किंवा भरावयाच्या हप्त्यासंबंधीचा वाद हा लोकपालाच्या कक्षेतील एक स्वतंत्र विषय आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. मात्र तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगापुढे चालू असता कामा नये.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेस चेतना महाविद्यालयाजवळील प्रशासकीय इमारतीत बसतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास तेथे शुल्क नाही. पण विमापत्राची अटच अन्याय्य आहे, असा मुद्दा ज्याला मांडावयाचा आहे त्याने हे ध्यानी घ्यावे की २०१९ च्या कायद्याने अन्याय्य कराराचा विचार जिल्हा आयोगाकडे न ठेवता राज्य आयोगाकडे सोपविला आहे. हिशेब चुकला असे म्हणणाऱ्यास वांद्र्याचा जिल्हा आयोग चालेल; करारच वाईट आहे असे म्हणणाऱ्यास चालणार नाही. दोन-चार हजारांसाठी लोकपालाचा मार्गच सोयीचा.

त्यातही उपनगरांत एक पोटभेद आहे, आणि तो ठाऊक नसल्यास अर्ज चुकीच्या दारी जातो. मुंबईच्या विमा लोकपालाचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गावर जीवन सेवा इमारतीच्या विस्तारात आहे. अंधेरी आणि बोरिवलीच्या रहिवाशांनी तेथे जावे. परंतु महापालिकेचे एम पूर्व, एम पश्चिम, एन, एस आणि टी हे पाच विभाग ठाण्याच्या लोकपालाकडे देण्यात आले आहेत. घाटकोपर एन विभागात येते आणि मुलुंड टी विभागात. म्हणजे मुलुंडच्या पिता-पुत्रांनी, मुंबईचे नागरिक असूनही, आपला अर्ज ठाणे पश्चिमेस जीवन चिंतामणी इमारतीत द्यावयाचा आहे. आणि त्यांच्या पत्त्यावरून पाहता तो सांताक्रूझपेक्षा त्यांना जवळही पडेल.